बांबूच्या चित्रात आधी कुंचला पाहा

चिनी शाईचित्रातला बांबू समोर आला की त्याच्याबद्दलची तीच तीन-चार वाक्ये कानावर येतात. बांबू वाकतो पण मोडत नाही. आतून पोकळ, म्हणून निगर्वी. ऐन थंडीतही हिरवा, म्हणून संकटात स्थिर. एकूण काय, तर तो सज्जन माणसाचे प्रतीक. यात खोटे काही नाही. पण चित्र पाहताना या माहितीचा उपयोग फारच थोडा, कारण ती सगळ्याच बांबूंना सारखी लागू पडते. अकराव्या शतकातल्या अस्सल पटालाही लागू पडते आणि चिनी हॉटेलातल्या भिंतीवर छापलेल्या बांबूलाही. जी कसोटी चांगल्या-वाईटात फरकच करत नाही ती घेऊन चित्रासमोर उभे राहिले, तर दोन मिनिटांत पाहण्यासारखे काही उरत नाही. म्हणून ज्यांना ही चित्रे खरोखर पाहायची आहेत, आणि जमल्यास एखादे पान स्वतः काढून बघायचे आहे, त्यांना माझे सांगणे असे की अर्थ मागाहून बघू, आधी कुंचल्याची वाट धरा. तो कागदावर कुठे टेकला, कुठे दाबला गेला, कुठे उचलला, कुठे शाई संपत आली, हे पाहा. हा काही माझा शोध नाही. हा चित्रप्रकार ज्यांनी घडवला त्या चिनी पंडित-अधिकाऱ्यांचे आपापसातले बरेचसे वाद याच गोष्टींवरून झालेले आहेत.

प्रतीक आणि चित्र यांच्या तारखा शेजारी शेजारी ठेवल्या तरी मुद्दा पटावा. चौथ्या शतकातला वांग हुइझी बांबूवाचून एक दिवसही राहवत नाही असे म्हणणारा म्हणून प्रसिद्ध आहे. थांग काळातला कवी बाय जूयी (७७२–८४६) याने तर बांबूचे गुण आणि सज्जनाचे गुण समोरासमोर मांडून एक गद्यलेखच लिहिला. म्हणजे प्रतीक तेव्हाच पुरते तयार होते. शाईतल्या बांबूचा आदिपुरुष मानला जाणारा वेन तोंग (१०१८–१०७९) त्यानंतर दोनशे वर्षांनी आला. सोंग सम्राट हुइझोंगच्या दरबारात ११२० च्या सुमारास राजसंग्रहातल्या चित्रांची सूची तयार झाली, तिच्यात शाईतल्या बांबूला स्वतंत्र विभाग मिळालेला दिसतो. मधल्या काळात बांबूचे गुण वाढले नव्हते. बदलला तो हात. रंगांशिवाय, बाह्यरेषा आखून आत रंग न भरता, एकाच फटकाऱ्यात खोडाचे पेर आणि एकाच फटकाऱ्यात पान उभे करायचे ही रीत बसली. जे नवे होते ते प्रतीकाने समजावता येत नाही. ते समजायचे तर कागदावरच्या खुणांकडेच वळावे लागते.

तैपेईच्या राष्ट्रीय राजवाडा संग्रहालयात वेन तोंगचा म्हणून मानला जाणारा एक रेशमी पट आहे, सुमारे १३२ सेंटिमीटर उंच आणि १०५ रुंद. त्याची मोठी छायाचित्रे इंटरनेटवर मिळतात. सुरुवात तिथून करावी. यातला बांबू जमिनीतून वर येत नाही. वरच्या डाव्या अंगाने तो खाली झुकत येतो, मध्यावर वळतो आणि शेंडा पुन्हा वर उचलतो. कड्यावरून लोंबणारा बांबू असा वळण घेतो. आता वळणाचे कौतुक बाजूला ठेवून पानांचा एकच झुबका निवडा आणि तेवढाच बघा. काही पाने दाट काळी आहेत, काही करडी, फिकट. मी फू हा त्या काळातला चोखंदळ रसिक आणि लिपिकार. गडद शाई म्हणजे पानाची दर्शनी बाजू आणि फिकी म्हणजे पाठ, ही युक्ती वेन तोंगपासून सुरू झाली, अशी त्याची नोंद आहे. एवढे कळले की झुबक्याला खोली येते. काळी पाने आपल्याकडे तोंड करून आहेत, करडी मागे वळलेली किंवा मागच्या फांदीवरची आहेत. रंग नाही, सावली नाही, तरी पुढचे-मागचे कळते. मग एका पानाचे देठाकडचे टोक पाहा. कुंचला तिथे हलकेच टेकला आहे, लगेच दाब वाढून पान रुंदावले आहे, आणि टोकाला जाताना दाब उतरत केसाएवढी रेघ उरली आहे. पुन्हा गिरवलेले नाही. शेकडो पानांत हे सांभाळणे म्हणजे काय, याचा अंदाज पुढे स्वतः प्रयत्न केल्यावर येईल.

वेन तोंगचा मित्र आणि नातेवाईक सू शी (१०३७–११०१) याने मित्राच्या मृत्यूनंतर त्याच वर्षी, १०७९ मध्ये, एक लेख लिहिला. हुझोऊ इथे उन्हात चित्रे वाळवत असताना वेन तोंगने दिलेला एक पट हाती आला आणि त्याला रडू कोसळले, ही त्यामागची हकिगत. लेखात थट्टाही पुष्कळ आहे. चित्र मागायला लोक रेशीम घेऊन रांगा लावत, तेव्हा वैतागून वेन तोंग ते रेशीम जमिनीवर फेकी आणि याचे मोजेच शिवतो म्हणे! पण चित्रकलेच्या इतिहासात हा लेख टिकला तो एका युक्तिवादामुळे. सू शीचे म्हणणे असे की बोटभर कोंबातसुद्धा सगळी पेरे आधीच असतात. मग चित्रकार पेरामागून पेर आणि पानामागून पान रचत बसला तर त्याला बांबू कसा म्हणायचा? आधी अख्खा बांबू मनात उभा राहिला पाहिजे, आणि मग ससा उठताच ससाण्याने झेप घ्यावी तसा कुंचला धावला पाहिजे, कारण जरा रेंगाळले की हातचे गेले. वनस्पतीच्या दृष्टीने हे निरीक्षण अचूक आहे. बांबूचा कोंब जमिनीतून वर येतो तेव्हा पेरांची संख्या आणि खोडाची जाडी जवळपास ठरलेली असते. पुढच्या काही आठवड्यांत पेरे फक्त लांबत जातात, आणि झाडाच्या बुंध्यासारखे त्याचे खोड वर्षानुवर्षे जाड होत नाही. सू शी स्वतः बांबू काढताना बुडख्यापासून शेंड्यापर्यंत एकाच ओढीत रेघ नेई. पेरे वेगळी का काढत नाहीस, असे मी फूने विचारले, तर बांबू वाढताना पेरापेराने वाढतो का, असा उलटा सवाल त्याने केला.

हा सवाल ऐकायला झकास आहे, पण शिकणाऱ्याने त्याच्या नादी लागू नये. खुद्द सू शीने त्याच लेखात कबूल केले आहे की तत्त्व आपल्याला कळते, पण हातून होत नाही, कारण अभ्यास कमी पडला. मनातल्या अख्ख्या बांबूचे दाखले देणारे लोक ही कबुली सोयीस्करपणे गाळतात. ली कान (१२४५–१३२०) याने नेमके यावर बोट ठेवले. तो मंगोल राजवटीतला मोठा अधिकारी. कामानिमित्त आजच्या उत्तर व्हिएतनामपर्यंत जाऊन आला, वाटेत जिथे मिळतील तिथे बांबूच्या जाती पाहिल्या, आणि तीनशेहून अधिक जातींची माहिती देणारा, चित्र काढण्याची रीत शिकवणारा ग्रंथ लिहिला. त्याची प्रस्तावना १२९९ ची आहे. लोकांना पेरापेराने रचू नये एवढेच आठवते, पण मनात तो अख्खा बांबू आला कुठून याचा कोणी विचार करत नाही, अशी त्याची तक्रार आहे. ली कानच्या मते तो येतो एकेक पेर आणि एकेक पान नियमाने घोटून. नियम अंगात मुरले की मग ते विसरायला हरकत नाही. या वादात माझे मत ली कानच्या बाजूने आहे, आणि पुढच्या सूचना त्याच वाटेने जातात.

कुंचला गोल, मऊ केसांचा आणि दाबला की पोट फुगणारा पण टोक न सोडणारा हवा. चपटा ब्रश चालत नाही. चिनी चित्रकार श्वान कागद वापरतात. तो आन्ह्वी प्रांतातल्या जिंग परगण्यात एका झाडाची साल आणि भाताचे काड यांपासून बनतो आणि शाई क्षणात शोषतो. सरावाला कोरे न्यूजप्रिंट पुरेसे आहे. ड्रॉइंग शीट मात्र टाळा, तिच्यावर शाई तरंगत राहते आणि चूक पुसायचा मोह होतो. वॉटरप्रूफ ड्रॉइंग इंकने कुंचल्याचे केस चिकटून वाया जातात. पाण्यात विरघळणारी साधी काळी शाई घ्या आणि एका बशीत ती पातळ करून ठेवा. कुंचला उभा धरा, मनगट कागदावर टेकवू नका, हात कोपरापासून हलू द्या. खोडाचे एक पेर म्हणजे एक फटकारा: टेकवून जरा दाब, हलक्या हाताने पुढे, शेवटी पुन्हा दाब देऊन उचला. बारीकशी फट सोडून पुढचे पेर. बुडाशी पेरे आखूड, मधे लांब, शेंड्याकडे पुन्हा आखूड. पेरे अर्धवट वाळली की त्या फटींवर गडद शाईने बारीक, दोन्ही टोकांना किंचित उचललेली गाठ घालायची. आधी घातली तर पसरते, फार उशिरा घातली तर वरून चिकटवल्यासारखी दिसते. दोन खोडे शेजारी असतील तर त्यांच्या गाठी एका ओळीत येऊ देऊ नका. फांद्या गाठीवरूनच फुटतात, एका गाठीला डावीकडे तर पुढच्या गाठीला उजवीकडे. पानासाठी टोक टेकवा, दाबा, ओढा आणि हात चालू असतानाच उचला. थांबून उचलले की टोक बोथट झालेच म्हणून समजा. पान जाड झाले तर पीचच्या झाडाचे वाटते आणि फार बारीक झाले तर विलोचे, हा ली कानच्या ग्रंथातला इशारा आहे. पानांच्या झुबक्यांबद्दल त्याने टाळायच्या गोष्टी सांगितल्या आहेत त्याही मजेदार आहेत: पान एकटे सुटू नये, दोन पाने समांतर येऊ नयेत, काट्या-फुल्यांची जाळी होऊ नये, हाताच्या पसरलेल्या बोटांसारखी किंवा चतुरासारखी दिसू नयेत. पहिल्या कागदावर यातले बहुतेक सगळे होते. तो कागद फेकून देऊ नका. तो बाजूला ठेवून वेन तोंगचा तोच झुबका पुन्हा बघा. जे आधी नुसते नाजूक वाटले होते त्यातली अवघड जागा आता बोटाने दाखवता येईल.

महाराष्ट्रातल्या वाचकाला इथे एक अडचण येते. आपल्याकडचा कळक किंवा मानवेल बेटाने वाढतो, एकाच बुंध्याशी डझनावारी काठ्या दाटीने उभ्या. चिनी चित्रात मात्र दोन-चार खोडे एकमेकांपासून सुटी उभी असतात आणि मधे भरपूर मोकळा कागद. चित्रकाराने गर्दी मुद्दाम छाटली असे वाटते, पण ते अर्धेच खरे आहे. मध्य आणि पूर्व चीनमधल्या अनेक जातींचे मूळ जमिनीखाली आडवे धावते आणि अंतराअंतरावर एकेक कोंब वर काढते. तेव्हा गावाकडचे बेट डोळ्यांसमोर ठेवून त्या चित्राला मोजू नये.

इथे एक आक्षेप येणार: चिनी लिपी आम्हाला येत नाही, सुलेखनाची परंपरा आमची नाही, मग फटकाऱ्यातले बरे-वाईट आम्हाला काय कळणार? आक्षेप वजनदार आहे, कारण चित्र आणि लेखन एकच, असा दावा त्या लोकांनीच केला आहे. झाओ मेंगफू (१२५४–१३२२) याच्या खडक, विरळ झाडे आणि बांबूच्या एका पटावर, जो आज बीजिंगच्या राजवाडा संग्रहालयात आहे, त्याने स्वतःच लिहून ठेवले आहे की खडक एका लेखनपद्धतीने काढावा, झाड दुसऱ्या, आणि बांबू काढायचा तर अक्षराचे मूळ फटकारे हातात बसलेले हवेत. तो पट पाहिला तर ही नुसती बढाई नाही हे कळते. खडकाची रेघ कोरड्या कुंचल्याने ओढलेली आहे, मधून कागद पांढरा डोकावतो. शेजारचे बांबूचे पान ओले आणि भरीव आहे. सोंगकालीन रेशमाकडून पुढे मंगोलांच्या युआन काळात चित्रकार कागदाकडे वळले, आणि कोरड्या शाईचा हा खरखरीत पांढरेपणा कागदावरच चांगला उठतो. पण हे दिसायला अक्षर वाचता यावे लागत नाही. दाब, वेग, ओल आणि दिशा या चार गोष्टी कुठल्याही हस्ताक्षरात दिसतात. मोडीतले जुने पत्र ज्याने नुसते न्याहाळले आहे, वाचता न येताही, त्याला कळते की बोरू कुठे शाईत बुडवून पुन्हा टेकला, लेखनिक कुठे सराईतपणे पुढे सरकला आणि कुठे अडखळला. तीच नजर इथे कामाला लावायची आहे. काही बारकावे हातचे जाणार हे मान्य. लेखनाच्या कोणत्या शैलीचा पडसाद कोणत्या फटकाऱ्यात आहे, हे जाणकार चिनी माणसाला जसे चटकन लागेल तसे आपल्याला लागणार नाही. पण प्रतीकाची यादी पाठ करण्यापेक्षा हे नक्कीच अधिक देते.

दुसरा आक्षेप अधिक टोकदार आहे. हे पंडित बांबू काढताना शीलाबद्दलच बोलत होते, मग तुम्ही ते शील काढून नुसता फटकारा कसा शिल्लक ठेवता? याला माझे उत्तर असे की शील त्यांनी झाडात नव्हे, हातात शोधले. रेघ माणसाची साक्ष देते ही त्यांची श्रद्धा होती, आणि साक्ष पाहायची तर रेघेकडेच पाहावे लागते. शिवाय नुसत्या प्रतीकाने बघायला गेलो तर इतिहास फार गोंधळात पाडतो. युआन म्हणजे मंगोलांची राजवट. तिच्यात बांबू म्हणजे परक्या सत्तेपुढे न मोडणारी निष्ठा, असे सोपे समीकरण नेहमी मांडले जाते. पण बांबूवर अधिकाराने लिहिणारा ली कान त्याच राजवटीचा अधिकारी होता, आणि झाओ मेंगफू तर सोंग राजघराण्याचा वंशज असूनही मंगोल दरबारात चढत गेला. त्याची पत्नी ग्वान दाओशेंग (१२६२–१३१९) बांबूसाठीच नावाजली गेली. न मोडणाऱ्या निष्ठेचे चित्र या घरात कुठल्या भिंतीवर टांगायचे? एक मात्र कबूल केले पाहिजे. पुढच्या काळातल्या टीकाकारांनी झाओच्या या नोकरीचा राग त्याच्या अक्षरावरही काढला, ते अति गोड, कणा नसलेले आहे असे म्हटले. म्हणजे माणूस आणि रेघ यांची गाठ त्यांच्या लेखी पुरती सुटत नव्हती. ती गाठ आपणही पुरती सोडावी असा माझा आग्रह नाही. निवाडा आधी आणि चित्र मागून, असे होऊ नये इतकेच.

शेवटची शंका साचेबंदपणाची. नियम ठरलेले, विषय एकच, १७०१ साली तर ‘मोहरीच्या दाण्याएवढी बाग’ या नावाच्या चित्रपुस्तकाच्या दुसऱ्या भागात बांबूचे धडे लाकडी ठशांवरून छापूनच निघाले. मग त्यात वेगळे पाहायचे काय? उलट विषय इतका आवळलेला असल्यामुळेच माणसामाणसातला फरक लपत नाही. वू झेन (१२८०–१३५४) याने १३५० साली आपल्या मुलाच्या शिक्षणासाठी काढलेला बांबूचा संग्रह तैपेईलाच आहे. त्यातली खोडे ठाम आणि पाने आखूड, कमी, मोजकी. नी झान (१३०१–१३७४) याला तर आपला बांबू कोणाला ताग वाटला की बोरू, याची फिकीर नव्हती. त्याने तसे लिहूनच ठेवले. त्याच्या पानांत खरोखरच एक हलका निष्काळजीपणा आहे. आणि वेन तोंगची भरगच्च पाने तर आपण पाहिलीच. तिघांची एकेक फांदी शेजारी शेजारी ठेवा आणि नावे झाकून पाहा; थोड्या सरावाने ओळख पटू लागते.

झेंग बानछ्याओ (१६९३–१७६५) मात्र सर्वात शेवटी घ्यावा, कारण तो आवडायला सोपा आहे. शानदोंगमध्ये परगण्याचा अधिकारी, १७५३ च्या सुमारास नोकरी सुटली, मग यांगझोऊत चित्रे विकून पोट भरले. १७५९ साली त्याने चक्क दरपत्रक लावले: मोठा पट सहा ल्यांग (चिनी वजनमाप) चांदी, मधला चार, छोटा दोन, भेटवस्तू नकोत, रोख चांदीच बरी. हौसेने, विकण्यासाठी नाही, असे म्हणवणाऱ्या परंपरेत हा प्रामाणिकपणा सुखावतो. विक्रीमुळे चित्र हलके झाले का, हे पुन्हा रेघेवरूनच ठरवावे. माझ्या मते त्याची बारीक, ताठ खोडे बहुधा चांगली आहेत, पाने कधीकधी सवयीने पडलेली. सू शीच्या वादात त्यानेही एक भर घातली. डोळ्यांसमोरचा बांबू, मनातला बांबू आणि हातून उतरलेला बांबू हे तिन्ही वेगवेगळे असतात, असे त्याचे म्हणणे. त्याच्या पटांवर मजकूरही भरपूर असतो, खोडांच्या मधे घुसवलेला, लहानमोठ्या अक्षरांत. भाषांतर हाताशी असले तरी ते लगेच वाचू नका. आधी तो मजकूर पानांसारखाच शाईच्या खुणा म्हणून पाहा: अक्षरांची घनता खोडांच्या मोकळ्या जागेत कशी बसवली आहे, कुंचला तोच आहे का, शाई तितकीच ओली आहे का. तांबडे ठसे कोणाचे आहेत हेही विचारा, कारण जुन्या पटांवर नंतरच्या मालकांनी आणि सम्राटांनी उमटवलेले ठसे असतात आणि मूळ मांडणीत त्यांचा हिशेब नसतो. ते मनातून वगळून पट पुन्हा पाहावा लागतो. मूळ पट पाहायला मिळणार असेल तर संग्रहालयाला आधी कळवून तारीख विचारून घ्या, कारण रेशीम आणि कागद उजेडाने खराब होतात, म्हणून असे पट थोडे दिवस टांगून पुन्हा गुंडाळून ठेवले जातात.